बेसार

दिवाळी सरली की येतात ही माणसं
बागवाल्याच्या पिकअपमध्ये, मागे बसून:
गाद्या, कुकर, एखादं झोपलेलं मूल.
मृगापर्यंत कलमांची राखण.
मग दर मंगळवारी पावसच्या बाजारात
माझ्या दुकानाच्या पायरीशी चपला काढून
ती उभी राहायची.
नको काढू म्हटलं, तरी काढायची.

यादी लिहून आणायची. अक्षर माझ्यापेक्षा बरं.
तोच काना, तीच वेलांटी,
वाचता सगळं यायचं आणि कळायचं अर्धं.
नुन. बरं, हे मीठ असणार.
चामल, चिनी, जिरा.
मग बेसार, पाव किलो.
मी बेसन बांधून दिलं.

पुढच्या मंगळवारी पुडी परत,
दोन चमचे कमी.
डाळीत घातलं, म्हणाली, खळ झाली.
आत आली, बरण्या बघत गेली,
एकीत बोट बुडवून पिवळं बोट
माझ्यासमोर धरलं.
बेसार, ती म्हणाली.
हळद, मी म्हणालो.
बेसार.
हळद.
मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं.

तोरीचं तेल आमच्याकडे नाही.
मी खोबरेल पुढे केलं, तिने हुंगलं,
आणि केसांना हात लावून हसली.
शेवटी मेडिकलमधून आणायला लागली
मोहरीच्या तेलाच्या छोट्या बाटल्या,
ज्या इथे म्हातारे गुडघ्याला चोळतात.
त्यात भाजी परतायची.

डिसेंबरात एकदा आग्रेकाकूंकडे जाऊन
तिने अम्बा मागितला.
बाजार हसला सगळा.
अगो, दिवसभर ज्याच्याखाली गलोल घेऊन बसतेस
त्याला अजून मोहर नाही,
आणि विकत कसला मागतेस?
ती हसली नाही. वाकून उचलला
टोपलीतला पेरू.
हा अम्बा.
मग आमचा तो कोण, काकूंनी विचारलं.
आँप, ती म्हणाली. नाकातून, पटकन,
जणू त्यात फार काही नाही.
ज्याच्यासाठी भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालल्या
त्याला एवढंसंच नाव.
काकूंनी दोन पेरू जास्त टाकले
आणि दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत.

माझा धाकटा भाऊ मस्कतला.
पहिल्या वर्षी दुकानातल्या फळीचे फोटो पाठवायचा:
दादा, यातला रवा कुठला?
मी कुठून सांगू? म्हणायचो,
पाकीट कानाशी धरून हलव.
तोही हलवायचा.
फोनवर मला ऐकवायचा.

तिचं आधी रिचार्ज, मग तेलमीठ.
पैसे पाठवायचे तर रत्नागिरी गाठायची,
एक मंगळवार रांगेत,
एक मंगळवार कसलासा कागद नाही म्हणून परत.
त्या दिवसांत यादी लहान असायची.

उधारीच्या वहीत मी लिहिलं होतं, गुरखीण.
सगळेच म्हणतात तसं.
गल्ल्यापलीकडून, उलट्या बाजूने
तिने ते वाचलं.
पेन मागितलं. खोडलं. वर लिहिलं: जुनकला.
मग तशीच खाली बोट नेत बेरीज तपासली.
बेरीज दोन रुपयांनी चुकली होती,
माझ्या बाजूने.

जूनच्या पहिल्या आठवड्यात हिशेब चुकता करून गेली.
बॅटरी घेतली, दोरे, काचेच्या डझनभर बांगड्या,
आणि हळद. यादीत हळद लिहिलं होतं.
मी काही बोललो नाही.
यंदा त्या बागेत दुसरं कुटुंब आहे.
ते सामान मोबाइलवर मागवतात.

परवा रत्नागिरीच्या होलसेलवाल्याला
फोनवर माल सांगत होतो. साखर, पोहे, काडेपेटी,
बेसार दहा किलो.
काय? तो म्हणाला. गाडीचा आवाज होता मागे.
बेसार, मी म्हणालो,
दहा.

दहा किलो बेसन आलं.
परत पाठवलं नाही.
अजून विकतोय.